नाशिकच्या चुनखडी जमिनीत बटाट्याचे खत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात बटाट्याला कांद्याचा किंवा द्राक्षाचा मान नाही. कोणी सोयाबीन काढून रब्बीत लावतो, कोणी जुनी बाग मोडल्यावर दोन हंगाम घेतो. त्यामुळे खताचे वेळापत्रकही बहुतेक वेळा कांद्याचे किंवा बागेचेच उचललेले असते. मी दिंडोरी तालुक्यात बटाटा लावतो आणि शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना माती तपासणीचे अहवाल वाचून समजावतो. त्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत.

बटाट्याला इतर पिकांपेक्षा जास्त खत का लागते?

मुळे उथळ आणि वेळ थोडा, म्हणून. बटाट्याची बहुतेक मुळे वरच्या एका फुटात असतात आणि तीही विरळ. नव्वद-शंभर दिवसांत पाला वाढवायचा, कंद धरायचे आणि पोसायचे, एवढे सगळे उरकायचे असते. एक टन बटाटा शेताबाहेर जातो तेव्हा त्याच्याबरोबर साधारण ३ ते ४ किलो नत्र (नायट्रोजन), १ ते दीड किलो स्फुरद (फॉस्फेट) आणि ५ ते ६ किलो पालाश (पोटॅश) जाते. एकरी १० टन निघाले तर ५०-६० किलो पालाश नुसत्या कंदांतून गेले. यात पाला धरलेला नाही.

एकरी किती गोण्या टाकू?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि अहवाल हातात नसताना मी त्याचे उत्तर देत नाही. अहवाल आल्यावर गोण्यांचा हिशेब मात्र सोपा आहे. समजा शिफारस निघाली एकरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद, ५० किलो पालाश.

डीएपीच्या, म्हणजे डाय-अमोनियम फॉस्फेटच्या, ५० किलोच्या गोणीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते, म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. स्फुरदाचे काम एका गोणीत जवळजवळ झाले. नत्र उरले ४१ किलो. युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, त्यात ४६ टक्क्यांनी पावणेएकवीस किलो नत्र येते, तेव्हा दोन गोण्या. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणून ८३ किलो.

डीएपी मिळत नसेल, आणि ऐन हंगामात ते बरेचदा मिळत नाही, तर अडून बसू नका. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत २४ किलो स्फुरद येते आणि सोबत १६ किलोंच्या आसपास गंधकही मिळते. डीएपीतले ९ किलो नत्र मात्र आता युरियातून भरावे लागेल, म्हणजे युरिया १०९ किलो होतो. आपल्या चुनखडी जमिनीत मला स्वतःला सुपर फॉस्फेट जास्त पटते. कारण पुढे स्फुरदाच्या प्रश्नात येईल.

स्फुरद आणि पालाश सगळे लागवडीला. युरियाची एक गोणी लागवडीला आणि दुसरी २५ ते ३० दिवसांनी मातीची भर देताना. मुरमाड, हलक्या रानात दुसऱ्या गोणीचे दोन भाग करा.

खत सरीत टाकून त्यावरच बेणे (लावायचे बटाटे) ठेवले तर चालते का?

नाही. युरिया आणि डीएपी विरघळताना त्यांच्याभोवती अमोनिया आणि क्षार वाढतात. त्यात कोंब जळतो, कापलेली फोड असेल तर ती सडते. खताची ओळ बेण्याच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटर आणि तितकीच खाली असावी, मध्ये मातीचा थर हवा. ट्रॅक्टरच्या यंत्राने लावत असाल तर खताचा फाळ बेण्याच्या रेषेत येत नाही ना, हे पहिल्या दोन सऱ्या उकरून स्वतः पाहा.

युरिया टाकल्यावर जमिनीत नेमके काय होते?

युरिया पिकाला फार थोडा थेट लागतो. आधी मातीतले युरिएज नावाचे विकर त्याचे अमोनियम करते, याला दोन-चार दिवस पुरतात. मग जिवाणू त्या अमोनियमचे नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असतो म्हणून तो काळ्या मातीच्या चिकणकणांना धरून बसतो. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्यामुळे तो पाण्याबरोबर खाली उतरतो.

नाशिकची अडचण पहिल्याच पायरीवर आहे. आपल्या जमिनींचा सामू (पीएच; ७ च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. अशा जमिनीवर युरिया वरच पडून राहिला की अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. ओलसर पृष्ठभाग, वर ऊन आणि वारा असेल तर टाकलेल्यातला पाव हिस्सा सहज जातो. मी एका वर्षी भर द्यायला मजूर मिळेनात म्हणून युरिया वरंब्यावर फेकला आणि माती लावायला सहा दिवस गेले. त्या तुकड्यातला पाला शेवटपर्यंत फिकट राहिला आणि काढणीला शेजारच्या तुकड्यापेक्षा माल स्पष्टपणे कमी निघाला. खत तेवढेच, बेणे तेच, पाणी तेच होते.

म्हणून युरिया त्याच दिवशी मातीआड करा. भर देणे शक्य नसेल तर लगेच असे पाणी द्या की तो पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल. फार पाणी दिले तर उलटे नुकसान, नायट्रेट मुळांखाली जाईल. निंबोळी लेप दिलेला युरिया, आणि २०१५ पासून देशात सगळा युरिया तसाच मिळतो, अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवतो. उडून जाणे मात्र तो फारसे थांबवत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

जास्त युरिया टाकला तर जास्त बटाटा निघेल का?

एका मर्यादेपर्यंत. पहिल्या २०-२५ किलो नत्राला पीक सर्वांत जास्त साथ देते, पुढच्या तेवढ्याला कमी, आणि त्यापुढे पाला वाढतो पण कंद वाढत नाहीत. नत्र जास्त झाले की कंद धरायला उशीर होतो. दाट पाल्यात सकाळची ओल टिकते आणि ढगाळ हवेत करपा हा पानांचा रोग तिथूनच सुरू होतो. काढणीला पाला हिरवागार असतो, त्यामुळे कातडी पक्की होत नाही, सोलपटते, मोठे कंद आतून पोकळ निघतात आणि माल साठवणीत टिकत नाही.

कमी दिवसांच्या वाणात हे अधिक जाणवते. ‘कुफरी लवकर’ या वाणाचे नाव आपल्याच भाषेतल्या ‘लवकर’वरून पडले आहे. अशा वाणाला पन्नासाव्या दिवशी युरिया देण्यात काहीच मिळत नाही. नत्र पहिल्या महिन्यात हवे.

रासायनिक खताने जमीन आंबट होते असे ऐकतो. आमचीही होईल का?

हे खरे आहे, पण प्रत्येक जमिनीत नाही. अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. युरियातल्या एक किलो नत्राने तयार होणारे आम्ल शमवायला फार तर १.८ किलो चुना लागतो. अमोनियम सल्फेटमधून तेच नत्र दिले तर सुमारे ५.३ किलो.

आता आपल्या रानाचा हिशेब करू. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो. त्यात नुसता १ टक्का मुक्त चुना (मातीत सुटा असलेला कॅल्शियम कार्बोनेट) असला तरी तो ९ टन झाला. एकरी ५० किलो नत्र युरियातून दिले तर वर्षाला फार तर ९० किलो चुना खर्च होईल. म्हणजे तो १ टक्का संपायला शंभर वर्षे. निफाड, सिन्नर, येवला या पट्ट्यातल्या कित्येक शेतांत चुना ५ टक्क्यांच्या पुढे असतो. तिथे युरियाने जमीन आंबट झाली असे कोणी सांगितले तर अहवाल मागा.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इथल्या तांबड्या, धो धो पावसात धुऊन निघालेल्या मातीची गोष्ट वेगळी. तिथे चुना उरलेलाच नाही, त्यामुळे सामू आधीच सातच्या खाली असतो आणि नुसत्या युरियावर आणखी उतरू शकतो.

हा फरक एकाच शेतावर पाहायचा तर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडचे उदाहरण आहे. तिथे १८४३ पासून गव्हाच्या एका रानात रासायनिक खतांचे प्रयोग अखंड चालू आहेत. त्या जमिनीत पूर्वीपासून खडूचा चुना घातलेला होता, आणि नत्र-स्फुरद-पालाश मिळणारे वाफे आजही पिकतात. त्याच शेतावरच्या गवताच्या रानात, १८५६ पासून, ज्या वाफ्यांना दरवर्षी अमोनियम सल्फेट दिले आणि चुना दिला नाही, त्यांचा सामू ४ च्या खाली गेला आणि बहुतेक वनस्पती तिथून नाहीशा झाल्या. आपल्याकडे रांची आणि पालमपूर इथल्या आम्लधर्मी जमिनींत दीर्घकालीन प्रयोगांनी हेच दाखवले: नुसते नत्र देत राहिलेल्या वाफ्यांत उत्पादन कोसळले.

मग आमचा सामू साडेआठ आहे, तो खाली आणायला गंधक टाकू?

पीक-अन्न म्हणून टाका, सामू उतरवायला नको. एक किलो गंधक पूर्ण वापरला गेला तर सुमारे ३ किलो चुना खपवतो. एकरातला १ टक्का चुना संपवायला ३ टन गंधक लागेल. दहा-वीस किलोच्या पिशवीने त्याला धक्काही लागत नाही.

वर्षानुवर्षे डीएपी टाकतो. अहवालात स्फुरद ‘भरपूर’ आला. आता बंद करू का?

पूर्ण बंद नको, पण निम्म्यावर नक्की आणा.

दिलेल्या स्फुरदापैकी त्या हंगामात पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळते. उरलेले उडत नाही, वाहतही फारसे नाही. चुनखडी जमिनीत ते कॅल्शियमबरोबर बांधले जाते आणि जसजसा वेळ जातो तसतसे कमी विद्राव्य होते. तांबड्या जमिनीत तेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. दोन्हीकडे स्फुरद जमिनीत साठत जातो आणि त्यातला थोडा भाग पुढची वर्षे हळूहळू सुटतो.

मग ‘भरपूर’ असूनही थोडे ताजे का द्यायचे? एक कारण मुळे विरळ असण्याचे. दुसरे थंडीचे. डिसेंबरात निफाडचा पारा एकेरी आकड्यावर उतरतो तेव्हा मातीही गार होते आणि मुळांना स्फुरद ओढता येत नाही. कोवळ्या रोपाजवळ ओळीत दिलेले थोडे खत त्या दिवसांत कामी येते. फेकून दिलेले येत नाही, कारण ते जास्त मातीला भिडते आणि लवकर बांधले जाते.

सुपर फॉस्फेट मला का पटते तेही सांगतो. त्याचा दाणा विरघळतो तेव्हा भोवतीचे द्रावण अतिशय आम्ल असते, सामू दीडच्या आसपास. डीएपीच्या दाण्याभोवती तो ८ असतो. चुन्याच्या जमिनीत ती आम्ल कड थोडे दिवस तरी स्फुरद मोकळे ठेवते, आणि गंधक मिळते ते वेगळेच. डीएपी वाईट आहे असे यातून समजू नका. त्यातल्या अमोनियमचे नायट्रेट होताना त्याच्याही भोवतीचा सामू नंतर उतरतो.

द्राक्षबाग मोडून बटाटा लावणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. ड्रिपमधून वर्षानुवर्षे १२:६१:० आणि ०:५२:३४ ही विद्राव्य खते (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशाचे टक्के) सोडलेल्या ओळींत स्फुरदाचा साठा मोठा असू शकतो आणि मधल्या पट्ट्यात तो नसतो. नमुना दोन्हींचा वेगळा घ्या. स्फुरद फार वाढले की जस्ताची ओढ कमी होते. कोवळी पाने आखूड, कडा वर वळलेल्या, शिरांमधला भाग पिवळट दिसू लागला तर अहवालातला जस्ताचा आकडा पाहा. तो ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये ते मिसळू नका, दोघांचा न विरघळणारा साका होतो.

काळ्या मातीत पालाश भरपूर असते म्हणतात. मग पोटॅशवर पैसे का घालायचे?

म्हणतात ते खरेच आहे. बेसाल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या जमिनींच्या अहवालात पालाश बहुधा ‘जास्त’च्या रकान्यात असते. पण बटाट्याला ते वेगाने हवे असते. कंद पोसण्याच्या चार-पाच आठवड्यांत पीक जेवढे मागते तेवढ्या वेगाने माती ते सोडत नाही, कारण बराच भाग चिकणमातीच्या थरांत अडकलेला असतो. शिवाय कांदा, मका, बटाटा असे एकामागून एक घेत आपण दरवर्षी पालाश बाहेर नेतो आणि परत देतो ते युरिया-डीएपी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अहवालात ‘जास्त’ असेल तर शिफारशीच्या निम्मे द्या. ‘मध्यम’ असेल तर पूर्ण. पालाश कमी पडले की जुन्या पानांच्या कडा तांबूस होऊन करपतात आणि कंद आदळला की आत काळा डाग पडतो.

म्युरेट की सल्फेट ऑफ पोटॅश? बाजारात खायला जाणाऱ्या बटाट्याला म्युरेट चालते आणि ते स्वस्त पडते. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास क्लोराइड असते. ते कंदात पाणी वाढवते, कोरडा भाग कमी करते. वेफर्ससाठी करार असेल, तिथे कोरडा भाग २० टक्के किंवा वर हवा असतो, तर सल्फेट घ्या. विहिरीचे पाणी खारट असेल तरीही सल्फेटच. कंद भरायला म्हणून पालाश दुप्पट करू नका, फार पालाशानेही कोरडा भाग घटतो.

वरंब्यावर पांढरे फुटते आहे. ते खताचे आहे का?

थोडे खताचे, बरेचसे पाण्याचे. ड्रिपखाली ओलीच्या कडेला क्षार गोळा होतात आणि तिथे पांढरी रेषा दिसते. बटाटा क्षारांना फारसा सोसत नाही. संपृक्त मातीच्या अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी, म्हणजे क्षार दाखवणारी विद्युत वाहकता, १.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १२ टक्के उत्पादन घटते. ईसी ३ असेल तर सुमारे १५ टक्के माल गेला.

इथे एक फसगत होते. प्रयोगशाळेच्या अहवालात किंवा सरकारी मृदा आरोग्यपत्रिकेत ईसी बहुधा माती आणि भरपूर पाणी यांच्या पातळ द्रावणातली असते. ती संपृक्त अर्कापेक्षा बरीच कमी दिसते. कार्डावर ०.८ पाहून ‘१.७ च्या खाली आहे’ असे म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. तपासणी कोणत्या पद्धतीने केली हे प्रयोगशाळेला विचारा.

जमीन चिकट, पाणी न मुरणारी, चोपण होत असेल तर दोष बहुधा पाण्यातल्या सोडियम आणि बायकार्बोनेटचा असतो. तिथे पाणी तपासून जिप्समचा (सोडियम हटवणाऱ्या कॅल्शियमच्या खनिजाचा) विचार करा.

कातडीवर खडबडीत खपल्या येतात. रासायनिक खत कारण आहे का?

मुख्य कारण नाही. तो स्कॅबचा जिवाणू आहे. त्याला साडेपाचच्या वरचा सामू आवडतो आणि आपला तर आठ. कच्चे शेणखत आणि कंद धरताना पडलेला ताण त्याला वाढवतात. निरोगी बेणे घ्या आणि कंद धरू लागल्यापासून तीन-चार आठवडे वरंबा कोरडा पडू देऊ नका. इगतपुरीकडच्या आंबट जमिनीत चुना घालायचा असेल तर बटाट्याच्या तोंडावर घालू नका, आधीच्या पिकाला घाला.

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त आले. पिकाला फायदाच ना?

पिकाला होय, घरच्यांना नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तेवढे नायट्रेट असलेले पाणी हंगामात ४० सेंटिमीटर दिले तर एकराला १६ लाख लिटर होते आणि त्यातून १६ किलो नत्र जाते. ते ३५ किलो युरियाइतके झाले. तेवढा युरिया कमी करा. ते पाणी घरात लहान बाळाला देऊ नका, उकळून नायट्रेट जात नाही.

०:०:५० ची फवारणी किंवा नॅनो युरियाची बाटली गोणीची जागा घेईल का?

आकडे मांडून पाहा. २०० लिटर पाण्यात एक किलो ०:०:५० म्हणजे अर्धा किलो पालाश, आणि पिकाला हवे ५० किलो. नॅनो युरिया म्हणजे फवारायचे द्रव नत्र; त्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० टक्के नत्र धरले तरी ते १०० ग्रॅम होते, युरियाच्या गोणीत पावणेएकवीस किलो. तात्पुरती कमतरता सावरायला फवारणी ठीक आहे. मुख्य खत जमिनीतूनच द्यावे लागते. ड्रिप असेल तर विद्राव्य खत थोडे थोडे सोडणे उत्तम, तोही जमिनीतूनच देण्याचा मार्ग आहे.

रासायनिक खताने माती मरते का? नुसते शेणखत पुरेल का?

माती मरत नाही, पण रासायनिक खत तिला सेंद्रिय कर्बही (कुजलेल्या काडीकचऱ्यातून येणारा कार्बन) फारसा देत नाही. रॉथमस्टेडच्या त्याच गव्हाच्या रानात शेणखताच्या वाफ्यांतला कर्ब रासायनिक खतांच्या वाफ्यांपेक्षा दुपटीहून अधिक झाला आहे. बटाट्यात हे जास्त भोवते, कारण नांगरट, भर आणि काढणी मिळून माती तीन वेळा उलटते आणि कर्ब जळतो.

नुसत्या शेणखतावर बटाटा घ्यायचा तर हिशेब कठीण होतो. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असते. ८ टनांत ४० किलो, आणि त्यातले पहिल्या हंगामात थोडेच सुटते. म्हणून एकरी सात-आठ टन चांगले कुजलेले शेणखत आणि सोबत मोजून रासायनिक खत, असे मी माझ्या रानात करतो. शेणखत नसेल तर पावसाळ्यात ताग किंवा धैंचा घेऊन फुलोऱ्याला गाडा. कच्चे शेणखत टाकू नका. खपल्यांबरोबर हुमणीही (मुळे-कंद खाणारी अळी) येते.

माती नमुना कधी आणि कसा घ्यायचा?

खरिपाचे पीक निघाल्यावर, शेणखत किंवा खत पडण्याआधी. एका सारख्या दिसणाऱ्या तुकड्यात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा वीतभर खड्डा घ्या, कडेची दोन बोटे जाड माती वरपासून खालपर्यंत काढा. बांध, झाडाखाली, उकिरड्याची जागा सोडा. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा आणि सावलीत वाळवा. जस्त-लोह तपासायचे असेल तर गंजलेली पाटी किंवा जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नका, प्लास्टिकची घ्या. पिशवीत गट क्रमांक, आधीचे पीक आणि घ्यायचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाका. नत्र, स्फुरद, पालाशाबरोबर सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना आणि जस्त हेही मागा. मुक्त चुना आरोग्यपत्रिकेच्या ठरलेल्या बारा घटकांत नसतो, तो वेगळा सांगावा लागतो. लागवडीच्या महिनाभर आधी नमुना दिला तर अहवाल खत घ्यायच्या आधी हातात येतो.